ठाकूरवाडीतील अर्थशास्त्राचा वर्ग

अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घ्यावयाचे तर समुद्र ओलांडावा लागे, असा एक काळ होता. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून भीमराव रामजी आंबेडकर हे १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. तेथून १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपताच, १९१७ साली, अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात अध्यापकी करावी, पै पै करून पैसा साठवावा, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठावे, असा तो खडतर क्रम होता. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषय हिंदुस्थानच्या रुपयाचा. परंतु त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावयास पुस्तके, अध्यापक व परीक्षक साता समुद्रांपलीकडे! त्या दहा वर्षांत अभ्यासापेक्षा अभ्यासापर्यंत पोहोचण्यातच किती शक्ती खर्ची पडली असेल, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

आज तेच अंतर एका बोटाच्या स्पर्शाइतके उरले आहे, असे सांगण्यात येते. हे म्हणणे कितपत खरे आहे, हे तपासून पाहावयाचे तर मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात बसून भागणार नाही. त्यासाठी कर्जतपर्यंत गेले पाहिजे.

कर्जत व खालापूर या तालुक्यांत ठाकूरवाडी या नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. बोरघाटातून वर चढणाऱ्या लोहमार्गावर याच नावाचे एक लहानसे ठाणे आहे. १८६३ साली हा घाटमार्ग खुला झाला. तेव्हापासून मुंबई-पुण्याची सारी विद्या, सारा व्यापार व सारे अधिकारी या ठाण्याजवळून धडधडत गेले. मात्र थांबण्याचे कारण त्यांतल्या फारच थोड्यांना पडले. ठाकूर समाजाच्या या वाड्या डोंगराच्या कुशीत, पाऊलवाटांच्या टोकाशी वसलेल्या असतात. खाली भाताची खाचरे, वर जंगल, आणि दूरवर कर्जत अथवा खोपोलीच्या लोकलचा आवाज. अशा एखाद्या वाडीतील मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन अर्थशास्त्र हा विषय घेऊन महाविद्यालयात जाते, असे समजू. तिच्या हाती भ्रमणध्वनी आहे. टेकडीच्या ज्या बाजूस लहर सापडते, ती जागाही तिला ठाऊक आहे. तिला काय मिळू शकते, आणि काय मिळत नाही?

मिळू शकते ते थोडेथोडके नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या वर्गांतील पाठ्यसामग्री जगाला विनामूल्य खुली करण्याचा संकल्प २००१ साली जाहीर केला. भारतातील आयआयटी व बंगळूरची विज्ञानसंस्था यांनी २००३ साली एनपीटेल ही योजना आरंभिली. २०१२ साली कोर्सेरा व एडएक्स निघाले, आणि २०१७ साली भारत सरकारचे ‘स्वयम्’ हे ज्ञानपीठ सुरू झाले. सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र, भारताची अर्थव्यवस्था, सांख्यिकी, सार्वजनिक आयव्यय असे नानाविध विषय तेथे शिकविले जातात. पाठ पाहावयास पैसे पडत नाहीत. पडतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेस. मुंबईच्या नामांकित महाविद्यालयातील मुलगा जे व्याख्यान ऐकतो, तेच, त्याच शब्दांत, त्याच फळ्यासह ठाकूरवाडीत ऐकू येते. ही गोष्ट क्षुल्लक लेखणे कृतघ्नपणाचे होईल.

या पाठ्यक्रमांपैकी एकाशी महाराष्ट्राचे नाते जरा जवळचे आहे. अभिजित विनायक बॅनर्जी यांचा जन्म १९६१ साली मुंबईत झाला. त्यांच्या मातोश्री निर्मलाबाई या माहेरच्या पाटणकर, आणि स्वतः अर्थशास्त्राच्या नामवंत अभ्यासक. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व मायकेल क्रेमर या तिघांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच्या आधीच, २०१३ पासून, बॅनर्जी व डुफ्लो यांचा जागतिक दारिद्र्याविषयीचा पाठ्यक्रम घरबसल्या शिकता येऊ लागला होता. आणि २०१७ साली विकासनीती, सांख्यिकी व सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र यांची एक सलग मालाच सुरू झाली. परीक्षाशुल्क विद्यार्थ्याच्या ऐपतीप्रमाणे कमी-अधिक ठेवण्यात आले. २०२० साली याच मालेतून पुढे जाणाऱ्यांसाठी जो पदव्युत्तर वर्ग निघाला, त्यात पूर्वीच्या पदवीचा आग्रह धरला गेला नाही. ज्याला हे पाठ पचले, त्याला दार उघडे, असा तो उदार न्याय होता.

येथवरचे चित्र इतके मनोहर आहे की, कोणासही वाटावे, आता उरले काय? उरली ती एक संख्या. हार्वर्ड व एमआयटी यांच्या अशा पाठ्यक्रमांचा सहा वर्षांचा हिशेब २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्यांपैकी पाठ्यक्रम पुरा करणारे शेकडा अवघे ३.१३ निघाले. ज्यांनी शुल्क भरून प्रमाणपत्राची वाट धरली होती, त्यांच्यात मात्र हेच प्रमाण शेकडा ४६ होते. नाव नोंदविणारे निम्म्याहून अधिक लोक तर पहिल्या पाठाचे पान उघडण्यापर्यंतही गेले नव्हते. कुतूहलाने डोकावून जाणारा मनुष्य अपयशी ठरला असे म्हणता येत नाही, हे खरे. ग्रंथालयात जाऊन पुस्तके चाळणाऱ्या सर्वांनी ती आद्यंत वाचावीत, अशी अपेक्षा कोण करतो? परंतु ठाकूरवाडीची मुलगी चाळावयास आलेली नाही. तिला शिकावयाचे आहे, आणि शेकडा तीन हा आकडा तिच्या दृष्टीने आशादायक नाही.

या रोगाचे निदान योगायोगाने बॅनर्जी-डुफ्लो यांच्याच एका जुन्या प्रयोगात सापडते. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने मुंबई व बडोदे येथील शाळांत त्यांनी एक उपक्रम तपासून पाहिला. तिसरी-चौथीच्या वर्गात जी मुले मागे पडली होती, त्यांना रोज सुमारे दोन तास बाजूस घेऊन वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी वाचन व अंकगणित पुन्हा पायापासून शिकवी. तिला ‘बालसखी’ असे गोड नाव होते. तिला वेतन अल्प, प्रशिक्षणही थोड्याच दिवसांचे. तरी मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्यांची सर्वांत अधिक. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने असे दाखविले की, वर्ग चालू असणे आणि विद्यार्थी शिकत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अभ्यासक्रम आपल्या गतीने पुढे धावतो. ज्याचा पाय एकदा मागे राहिला, त्याच्यासाठी तो थांबत नाही.

ऑनलाइन पाठ्यक्रम म्हणजे असा धावणारा वर्गच होय. व्याख्याते उत्तम, फळा स्वच्छ, पाठ हवा तितक्या वेळा पुन्हा पाहण्याची सोय. पण चौथ्या आठवड्यात ‘सीमांत’ हा शब्द कलनाच्या चिन्हांसह अवतरला, आणि बारावीस गणित घेतलेले नसले, तर तोच पाठ दहा वेळा पाहूनही अंधार तेवढाच राहतो. शंका लिहून पाठविण्याची सोय असते. पण आपली शंका नेमकी कोणती, हेच ज्याला सांगता येत नाही, त्याने काय लिहावे? त्या ठिकाणी शेजारी बसून, ‘अगं, हे तर तुला ठाऊकच आहे,’ असे म्हणणारी बालसखी हवी असते.

आणि खरोखरच, तिला पुष्कळ काही ठाऊक असते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील नामांकित प्रमेये ठाकूरवाडीच्या आसपास साक्षात वावरत आहेत. फक्त त्यांना ती नावे नाहीत.

वैशाखात करवंदे पिकतात. वाड्यांवरच्या बाया पहाटे पाट्या भरतात आणि कर्जत, नेरळ, बदलापूर अशा स्थानकांबाहेर पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसतात. सकाळी भाव चढा असतो. ऊन वाढले, फळ मऊ पडू लागले, की उतरतो. आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की गिऱ्हाईक म्हणेल ती किंमत घेऊन पाटी रिकामी करावी लागते. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९०च्या आपल्या ग्रंथात अत्यल्प कालावधीतील किंमत समजावून देताना मासळीबाजाराचे उदाहरण घेतले. माल आलेला आहे तेवढाच, तो उद्यासाठी ठेवता येत नाही, म्हणून त्या दिवशीची किंमत उत्पादनखर्चाने नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या मागणीने ठरते. मार्शलसाहेबांचे हे प्रकरण ज्या मुलीने लहानपणी आईच्या पाटीशेजारी बसून पाहिले आहे, तिला केंब्रिजची मासळी कशास हवी?

धान्याच्या उसनवारीचे उदाहरण याहून खोल आहे. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते. तेव्हा भात उसने आणावयाचे आणि सुगीनंतर दिढीने, म्हणजे एकाचे दीड या हिशेबाने, फेडावयाचे, ही रीत कोकणात जुनी. चार-पाच महिन्यांत शेकडा पन्नास व्याज! ऐकणारा चपापतो. पण येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी क्षणभर थांबतो. समजा, आषाढात मणाचा भाव चाळीस रुपये होता आणि सुगीत तो तीसवर उतरला. तर उचलले ते चाळीस रुपयांचे धान्य, फेडले ते दीड मण, म्हणजे पंचेचाळीस रुपयांचे. पैशांत मोजले तर व्याज शेकडा साडेबाराच झाले. मग सावकार दयाळू ठरला काय? मुळीच नाही. ते दीड मण गेले म्हणूनच पुढच्या आषाढात कणगी पुन्हा लवकर रिकामी होते आणि पुन्हा महाग धान्य उसने घ्यावे लागते. व्याजाचा दर एका व्यवहाराचा असतो. दारिद्र्य मात्र व्यवहारांच्या साखळीचे असते. एवढे एक उदाहरण वाडीतल्या वृद्धेच्या तोंडून ऐकून वहीत मांडले, तर धान्यरूप व्याज, पैशांतील व्याज आणि ऋतुमानाने हलणाऱ्या किमती हे तीन धडे एकदम शिकता येतात.

या साखळीवरचा उपायही याच मुलखात पूर्वी शोधला गेला होता. माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल १९४२च्या लढ्यातील आझाद दस्त्याचे नायक म्हणून सर्वांस माहीत आहेत. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना व हिराजी पाटलांना वीरमरण आले. परंतु त्याआधी या वकिलाने कर्जत भागातील शेतकरी-आदिवासींसाठी शाळा काढल्या, आणि सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या उभारल्या, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. पुढे काशेळे येथील अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही या तालुक्यात धान्यकोठीची कल्पना चालविली. सुगीत सर्वांनी धान्य ठेवावे, आषाढात गरजूने न्यावे, व्याज आले तर ते कोठीतच राहावे. पतपेढीचा सारा सिद्धांत या एका कणगीत मावतो.

वीटभट्टीचा प्रकार तर अर्थशास्त्रज्ञांनीही उशिरा ओळखला. पावसाळ्यात घरखर्चासाठी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि दिवाळीनंतर सहकुटुंब भट्टीवर जाऊन ती अंगमेहनतीने फेडावयाची. येथे कर्जाचा बाजार निराळा व मजुरीचा बाजार निराळा असे नाहीच. व्याज मजुरीच्या दरात लपलेले असते. प्रणव बर्धन व अशोक रुद्र यांनी बंगाल, बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील खेड्यांची पाहणी करून १९७८ साली अशा गुंतलेल्या बाजारांविषयी लिहिले, तेव्हापासून हा विषय विकासाच्या अर्थशास्त्रात मानाने शिकविला जाऊ लागला. १९७६च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. उचल काही रद्द झाली नाही. आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरील निबंधात म्हटले होते की, दोष तुकड्यांच्या लहानपणात नसून जमिनीवर लोंबकळत राहिलेल्या रिकाम्या हातांत आहे, आणि उपाय उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे. भट्टी हाही एक उद्योगच. मग हातांना काम मिळूनही घर वर का येत नाही, हा प्रश्न ठाकूरवाडीची मुलगी लंडनच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक नेमकेपणाने विचारू शकेल.

पाण्याविषयी थोडक्यात. टाटांच्या भिवपुरी येथील विद्युत्‌गृहात १९२२ पासून मावळातील आंध्रा नदीचे पाणी घाटाखाली पडते, वीज मुंबईस जाते, आणि उरलेले पाणी पेज नदीत येऊन कर्जतच्या खाचरांत उन्हाळी भात पिकविते. भातशेतीचा लाभ हा वीजनिर्मितीच्या मूळ हेतूत नव्हता. त्याच वेळी, जे पाणी पूर्वेकडे भीमेत गेले असते ते पश्चिमेकडे वळले, म्हणून घाटावरच्या कोरड्या तालुक्यांची तक्रार आहे. एकाच नळातून कोणास न मागता लाभ, कोणास न विचारता हानी! बाह्य परिणाम या प्रकरणास याहून चांगले उदाहरण नाही.

इतकी सामग्री दाराशी असताना ती पाठाशी जुळत का नाही? पहिला अडसर भाषेचा. घरी ठाकरी बोली, शाळेत ग्रंथांतील मराठी आणि पाठात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या त्या मुलीस चढावयाच्या असतात. मराठी या शास्त्रास अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ सालचे, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ सालची. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर, १८५७ची. म्हणजे विद्यापीठ निघण्याआधी मराठीत अर्थशास्त्र होते! नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकणाऱ्यांना मराठीतून पाठ्यपुस्तके देत आले आहे. एनपीटेलने काही व्याख्यानांची लिखित रूपे प्रादेशिक भाषांत आणली आहेत. पण भाषांतरित व्याख्यानात उदाहरण मूळचेच राहते. पिझ्झा आणि कॉफी यांच्या किमतींवरून मागणीची लवचिकता मराठीत समजावून दिली, तरी करवंदांची पाटी बाहेरच राहते.

दुसरा अडसर पंचांगाचा, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. ‘स्वयम्’वरील पाठ्यक्रमांची दोन सत्रे असतात, एक जुलैत सुरू होते, दुसरे जानेवारीत. जुलै म्हणजे आवणीचे दिवस. घरातला प्रत्येक हात चिखलात हवा. जानेवारी म्हणजे भट्टीचा हंगाम; घरच वाडीवर नसते. एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या पाठ्यक्रमात दर आठवड्यास स्वाध्याय द्यावा लागतो, त्यांतील उत्तम आठ धरले जातात. त्यांस पंचवीस गुण व परीक्षेस पंचाहत्तर. स्वाध्यायांत दहा व परीक्षेत तीस मिळाल्याखेरीज प्रमाणपत्र नाही. नियम कठोर नाहीत. चार आठवडे चुकले तरी चालते, ही तर मोठीच सवलत. पण आवणी चार आठवड्यांत आटोपेलच असे नाही, आणि भट्टी तर मुळीच आटोपत नाही. अर्थशास्त्रात ज्यास पर्यायी खर्च म्हणतात, म्हणजे एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते तिचे मोल, तो येथे शुल्कात नाही. एका आठवड्याची मजुरी, हाच या विनामूल्य शिक्षणाचा खरा आकार होय.

विद्यापीठांनी या बाबतीत दार बरेच उघडले आहे. ‘स्वयम्’वर मिळविलेले श्रेयांक पदवीसाठी धरण्याची मर्यादा २०१६च्या नियमांत शेकडा वीस होती, २०२१ साली ती चाळीसपर्यंत वाढविण्यात आली. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त ऑनलाइन व दूरस्थ पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या असल्याचे स्पष्ट केले. मात्र ही मर्यादा वापरावयाची की नाही, हे ज्या त्या महाविद्यालयावर राहते. तालुक्याच्या महाविद्यालयाने मनावर घेतले, तर आठवड्यातून एक दुपार अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या मुलांसह तोच पाठ पाहावा, मध्येच थांबवावा, गणिताचा अडलेला सांधा मराठीत जुळवून द्यावा, आणि मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्या एखाद्या मुलीस थोडे मानधन देऊन वाडीवरची बालसखी नेमावे. खर्च फार नाही. अध्यापकाच्या कामाचे तास मात्र मोजले गेले पाहिजेत, नाहीतर पहिल्या उत्साहानंतर ती दुपार रिकामी जाईल.

परीक्षा अखेर केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. जुलैच्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आसपास येते. भट्टीवर जाण्याची बोलणी त्याच सुमारास होतात, आणि उचल तर पावसाळ्यातच घेऊन झालेली असते. मुकादमाचा टेम्पो वाडीखाली उभा राहतो, तेव्हा परीक्षेला दोन-चार दिवस उरलेले असतात. ती मुलगी मागे कोणाकडे राहील, तिच्या वाटणीच्या विटा कोण पाडील, आणि त्यांचा हिशेब उचलीतून कसा वळता होईल, हे त्या घराला त्याच संध्याकाळी ठरवावे लागते.